नोकरीचा कागद, लग्नाचा कागद

माझ्या दुकानात दोन प्रकारचे कागद तयार होत. एक नोकरीचा, एक लग्नाचा. दोन्ही कागदांत माणूस आहे त्याहून बरा दिसावा लागतो, दोन्ही कागद अनोळखी लोकांच्या हातात पडतात, आणि ते लोक अर्ध्या मिनिटात वाचून ते बाजूला ठेवतात. इतकं साम्य असल्यावर एकदा त्यांची अदलाबदल झाली यात नवल नाही. नवल हे की तीस वर्षांत ती एकदाच झाली.

मी मेश्राम. पुलगावात कॉलेजच्या फाटकासमोर माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. पोरं यंत्रावर खडखड करून परीक्षेची तयारी करत, म्हणून गाव मला मास्तर म्हणायचं. पुढे यंत्रं भंगारात गेली, कॉम्प्युटर आला, झेरॉक्स आलं, मास्तर तेवढे राहिले. कॉलेजची पोरं मात्र काका म्हणायची. आता दुकान सून चालवते. मी बाजूला खुर्ची टाकून बसतो आणि कोणी न विचारता सल्ला देतो. या अंकाच्या संपादकांनी पहिल्यांदाच विचारून सल्ला मागितला, की कॉलेजच्या मुलांनी रेझ्युमे कसा लिहावा ते अनुभवावरून सांगा. अनुभव भरपूर आहे. त्यातला निम्मा कसा लिहू नये याचा आहे.

ज्यांनी आयुष्यात एकच नोकरी केली आणि तीही अर्जावर मिळवली, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या वेळी अर्ज असायचा. सुरुवातीला साहेबांची सेवा, शेवटी आपला आज्ञाधारक, आणि मधल्या जागेत शिक्षण आणि गरिबी. आता रेझ्युमे असतो. आपण काय शिकलो, काय केलं, काय करता येतं, ते एका पानात सांगायचं. त्याच्यावर एक पत्र ठेवायचं, त्याला कव्हर लेटर म्हणतात. रेझ्युमे सांगतो मी कोण, पत्र सांगतं मी तुमच्याकडेच का आलो. एवढं शहाणपण यायला मला पंचवीस वर्षं लागली. तोवर मी जे करत होतो ती नुसती रंगरंगोटी होती.

माझ्या कॉम्प्युटरमध्ये 'नमुना' नावाची एक फाईल होती. पोरगं आलं की ती उघडायची, जुनं नाव खोडायचं, नवं टाकायचं, मार्क बदलायचे, छापायचं. फाईलमधलं इंग्रजी ठिकठिकाणच्या कागदांतून वेचून आणलेलं होतं, पण मोठं झोकदार होतं. आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीची आणि स्वतःची उन्नती साधणे हे माझे ध्येय. दबावाखाली काम करण्यास तयार. कोणत्याही पाळीत काम करण्यास तयार. कुठेही जाण्यास तयार. पगाराची अपेक्षा, आपल्या नियमाप्रमाणे. सोबतच्या पत्राची सुरुवात अशी, की आपल्या कृपाछत्राखाली काही जागा रिक्त असल्याचे विश्वसनीय सूत्रांकडून समजले. हे वाक्य टाईप करताना माझी छाती फुगायची.

छंदाच्या रकान्यापाशी थोडी चर्चा व्हायची. एका पोट्ट्याने सांगितलं, पोहणे लिहा.

"पोहता येते का तुले?" मी विचारलं.

"नाई काका. पन नदी जवळच हाय."

मी पोहणे लिहिलं. नदी खरंच जवळ होती.

फोटोसाठी दुकानात एक काळा कोट टांगलेला असायचा. एकाच मापाचा. सडपातळ पोराला मागून कपड्यांचे चिमटे लावायचे, जाड्याला पुढची बटणं उघडी ठेवून हात बांधून उभं करायचं. त्या कोटाने जितक्या नोकऱ्या मागितल्या तितक्या जिल्ह्यात कुठल्या माणसाने मागितल्या नसतील.

लग्नाच्या कागदाचं खातं वेगळं. तो मराठीत असायचा आणि सांगायला स्वतः बाप येऊन बसायचा. वर लावायला माझ्याकडे गणपतीचे बारा नमुने होते आणि बुद्धाचे सहा, ज्याच्या घरी जे चालतं ते. खाली उंची, वर्ण, रास, नाड, मामाचं नाव, मामाचं गाव, मामाची शेती. नोकरीच्या कागदावर आशीर्वादाला कुणी नसायचं. तिथे मीच होतो.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना निखिलला नोकरी लागली आणि घोटाळ्याला सुरुवात झाली.

निखिल बी. कॉम.चा विद्यार्थी. शेतीची अवजारं विकणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीची माणसं कॉलेजात मुलाखती घ्यायला आली आणि त्याला घेऊन गेली. त्याच्या रेझ्युमेत मी एनएसएसच्या शिबिरातला गटप्रमुख असं लिहिलं होतं आणि छंद बागकाम. दोन्ही खरं होतं. पोरगा खरंच गटप्रमुख होता आणि घरामागे वांगी लावायचा. पण पुढच्या वर्षी त्याच कंपनीची सूचना कॉलेजच्या फळ्यावर लागली आणि पोट्ट्यांची रांग माझ्या दुकानात आली. प्रत्येकाचं म्हणणं एकच.

"काका, निखिलले जो लागला थोच द्या."

म्हणजे लागलेला रेझ्युमे. त्याला हात लावायचा नाही. एखाद्या पेनाने परीक्षा पास झाली की ते पेन धाकट्या भावाला देतात, तसाच हा प्रकार. मी छंद बदलू म्हटलं तरी पोरं घाबरत. "ऱ्हाऊ द्या काका, बागकामच ऱ्हाऊ द्या. त्याच्यानंच लागली त्याले." मी दिलं. नाव खोडलं, नाव टाकलं. लोकांना हवं ते देणं म्हणजे धंदा, असं तेव्हा माझं मत होतं. कंपनीने रेझ्युमे आणि पत्र पाकिटात घालून कॉलेजात जमा करायला सांगितलं होतं, तर पाकिटंही माझ्याकडूनच गेली.

त्याच आठवड्यात वैशाली आली.

वैशाली उमाटे, राहणार आंजी मोठी. एसटीने यायची, शेवटच्या वर्षाला होती. कमी बोलायची, पण समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत त्याच्याकडे टक लावून बघायची, त्यामुळे माणूस आपोआप खरं बोलायला लागायचा. मी सोडून.

"काका, मले तं काईच येत नाई. नमुनाच टाका."

"गटप्रमुख टाकतो."

"मी तं शिबिरातच नोती. सोयाबीन काढाले गेलती घरी."

"कोण पाहते?"

तिने माझ्याकडे टक लावून बघितलं. मी टाईप करत राहिलो. मग तिने खरं दुखणं सांगितलं. घरी बापाशी करार झाला होता. या कंपनीत लागली तर पुण्याला जायचं. नाही लागली तर दिवाळीनंतर कारंजा घाडग्याचे पाहुणे बघायला येणार, आणि मग ती काही बोलणार नाही. तिने तसा शब्द दिला होता. बापानेही दिला होता. कंपनी वर्षातून एकदा येते, ही एकच संधी. माझ्या हातात त्या पोरीचं एवढं मोठं काम होतं आणि मी तिला बागकाम लिहून देत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा बाप आला. रामभाऊ उमाटे. पंधरा एकरांचा कास्तकार, आवाज वखरामागे चालणाऱ्याचा, बसल्या जागेवरून रस्त्यापलीकडे ऐकू जाणारा.

"मास्तर, पोरीचा लग्नाचा कागद बनवा. आजच कारंज्याले देऊन येतो. हायवेवर त्यायचा ढाबा हाय, पोरगा एकुलता एक."

"पण तिची कंपनी उद्या येते नं रामभाऊ?"

"येऊ द्या नं. मी काई शब्द मोडून राह्यलो का? लागली तं जाऊ देईन. पन आपन काय हात बांधून बसाचं?"

उंची, वर्ण, नाड झालं. मामा झाला. शेवटी मी विचारलं, मुलीविषयी आणखी काही? हे मी सगळ्याच बापांना विचारायचो आणि सगळे 'सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष' सांगून मोकळे व्हायचे. रामभाऊंनी बैठक बदलली.

"ल्याहा. ट्रॅक्टर चालवते. नुसता चालवते नाई, बिघडला तं मेकॅनिकले फोनवर सांगते कुठं आवाज येऊन राह्यला. गावातल्या चाळीस बायायचे निराधार योजनेचे अर्ज तिनं भरले, एकबी वापस आला नाई. बचत गटाचं रजिस्टर तिच्याचपाशी. बियान्याची थैली खराब निंघाली तं दुकानदाराले तिनं तीन चिठ्ठ्या ल्याहल्या, चवथी ल्याहाच्या आंधी त्यानं थैली बदलून देल्ली. भांडत नाई. भांडली तं कागद दाखवून भांडते."

"हे सगळं लग्नाच्या कागदात?"

"काऊन? खोटं हाय का?"

मी निमूटपणे टाईप केलं. प्रमाण मराठीत आणलं, पण भांडणाचं वाक्य तसंच ठेवलं, कारण त्याला हात लावला असता तर रामभाऊंनी खुर्चीवरून उठून भांडून दाखवलं असतं.

आता चूक सांगतो. दुपारी वीज गेली. ती परत आल्यावर अडून बसलेले सगळे कागद प्रिंटरमधून एकदम बाहेर पडले. मी ते घडी करून सारख्याच पांढऱ्या पाकिटांत घातले, डिंकाने चिकटवले, आणि वरती माझ्या वळणदार अक्षरात नावं घातली. वैशाली उमाटे नावाची दोन पाकिटं झाली. एक रामभाऊंच्या हातात दिलं, ते मोटारसायकलवर कारंज्याला गेले. दुसरं बाकीच्या बावीस पाकिटांबरोबर कॉलेजचा शिपाई घेऊन गेला. मी चहा सांगितला. समाधानाने प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमाराला एक बाई दुकानात आल्या. साधी सुती साडी, डोळ्यांना चष्मा, हातात पाकिटांचा गठ्ठा. गठ्ठा ओळखीचा होता.

"मेश्राम आपणच ना? सगळी मुलं तुमचंच नाव सांगतात."

मला वाटलं सत्कार आहे. मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"मी कंपनीकडून मुलाखती घ्यायला आलेय. तेवीस पाकिटं मिळाली. त्यातली बावीस मुलं एकाच शिबिरात गटप्रमुख होती. मला फक्त एवढंच विचारायचंय, त्या शिबिरात खड्डे कुणी खणले?"

मी पुढे केलेली खुर्ची मागे ओढली.

"बावीस जणांना बागकामाची आवड. पुलगाव एव्हाना हिरवंगार व्हायला हवं होतं. सतरा मुलांचा कोट एकच. आणि आमच्या जागा रिक्त असल्याचं सगळ्यांना विश्वसनीय सूत्रांकडून कळलंय. अहो, सूचना मी स्वतः पाठवली होती. फळ्यावर लागली होती." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी यांच्याशी काय बोलू? चारची गाडी आहे, ती पकडते आणि परत जाते."

माझ्या जागी दुसरा कोणी असता तर काय केलं असतं मला माहीत नाही. मी हात जोडले. म्हटलं, बाई, पोरांची चूक नाही, चूक माझी आहे. ती माझ्याकडे रेझ्युमे मागायला आली आणि मी त्यांना निखिल दिला. खरं बोलायची सवय नव्हती.

बाई थोड्या नरमल्या. गठ्ठ्यातून त्यांनी एक कागद काढला.

"आणि हे काय आहे?"

वरती गणपती होता. उजव्या सोंडेचा, माझा सात नंबरचा नमुना.

"ही मुलगी पाच फूट दोन इंच आहे, गव्हाळ आहे, तिची नाड मध्य आहे आणि तिच्या मामांची आठ एकर संत्र्याची बाग आहे. एवढी माहिती मला कोणत्याच उमेदवाराने आजवर दिली नव्हती," त्या म्हणाल्या. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, पण त्यांनी ते सांडू दिलं नाही. "शेवटचा परिच्छेद कुणी लिहिला?"

"तिच्या वडिलांनी सांगितला. मी टाईप केला."

"मला खराब मालाची तक्रार घेऊन आलेल्या शेतकऱ्याशी बोलणारी माणसं हवीत. ट्रॅक्टरचा आवाज ओळखणारी आणि कागद सांभाळणारी. या बावीस कागदांत ती कुठे आहेत, सांगा." त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. "बाकीच्यांना वडील नाहीत का, मेश्राम? त्यांना घरात कुणी ओळखत नाही का?"

हे वाक्य मला लागलं. अजून लागतं. पंचवीस वर्षं मी पोरांना त्यांचं नाव सोडून सगळं उसनं दिलं होतं.

बाईंनी अट घातली. दोन वाजेपर्यंत प्रत्येकाने अर्धा कागद स्वतःच्या हाताने लिहून आणायचा. कोणत्याही भाषेत. गेल्या वर्षात स्वतः काय केलं, आणि या कंपनीत काय करता येईल. एवढंच. आणि ही उमाटे मुलगी आधी आत पाठवा.

मी कॉलेजच्या आवारात धावत गेलो. या वयात माझं धावणं बघून चारदोन कुत्री मागे लागली. वैशाली झाडाखाली बसून नमुन्यातलं इंग्रजी पाठ करत होती. मी तिला झालं ते सांगितलं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल.

"काका, माही नाड कंपनीले पाठवली तुमी?"

"पाठवली."

"अन् मामाची संत्री?"

"तीसुद्धा."

"मंग आता माहा बाप कारंज्याले काय देऊन आला?"

हा प्रश्न मला तोपर्यंत सुचलाच नव्हता. मी म्हटलं, ते नंतर पाहू, आधी आत जा. ती उठली, ओढणी झटकली आणि माझ्याकडे न बघता गेली. त्या क्षणी मी स्वतःला पार नालायक वाटलो, आणि ते काही चुकीचं नव्हतं.

बाकीची बावीस पोरं कट्ट्यावर कोरे कागद घेऊन बसली होती. कोणाला काही सुचेना. मी बाईंच्याच बोलण्याचा धागा पकडला. प्रत्येकाला विचारलं, "घरी पाहुणे आले की तुझा बाप तुझ्याबद्दल काय सांगते?"

एक म्हणाला, "माहा बाप तं शिव्याच देते काका."

"कोणत्या?"

"म्हनते, दिवसभर लोकायच्या फवारनीच्या पंपात मुंडकं घालून बसते, अभ्यास करत नाई."

"किती पंप दुरुस्त केले यंदा?"

त्याने बोटं मोजली, मग सोडून दिली. "गावातले सारेच."

"मग ल्याह की लेका!"

रेझ्युमे कसा लिहावा, याचं माझ्याकडचं सगळं ज्ञान इथे संपतं. तुम्हाला जवळून ओळखणारं माणूस कौतुकाने किंवा वैतागाने तुमच्याबद्दल जे बोलतं ते कागदावर घ्या, शिव्या वगळा, आकडा असेल तर घाला. ज्या कंपनीला लिहिताय तिचं काम काय ते आधी वाचा आणि तुमच्यातलं तिच्या उपयोगाचं असेल ते वर आणा. एक पान पुरतं. कोट लागत नाही.

बाईंनी चारची गाडी सोडली. संध्याकाळपर्यंत मुलाखती चालल्या. चौघं लागले. पंपवाला लागला. वैशाली पहिल्या नंबरावर लागली. मी दुकानाच्या दारात उभा होतो, तिने लांबूनच हात वर करून सांगितलं आणि धावत एसटी पकडली. मला हसू आणि रडू एकदम आलं, मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि दोन्ही उरकून घेतलं.

रामभाऊंना मी दिवसभर फोन लावत होतो. लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच आले, सोबत वैशाली. तिचे डोळे सुजलेले होते. रामभाऊंचा आवाज मात्र नेहमीपेक्षा दोन पट्ट्या वर.

"मास्तर, तुमीच समजवा इले. कारंज्याच्या पाहुन्यायचा फोन आलता. कागद वाचूनच पसंत हाय म्हनते! पोरगी पाहाची बी गरज नाई. येत्या रविवारी सुपारी फोडू म्हनते. असं चालून आलेलं ठिकान कोनी सोडते का?"

"पन बाबा, तुमी शब्द देल्ला व्हता," वैशाली म्हणाली. "मी लागली."

"देल्ला व्हता! पन तवा मले काय मालूम, कागदावरच पसंत करतीन म्हनून? नोकरी काय, पुढच्या साली बी भेटन."

"पुढच्या साली मी कॉलेजात नसन, बाबा."

रामभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मला कबुली देणं भाग होतं. म्हटलं, रामभाऊ, तुम्ही कारंज्याला दिलं ते पाकीट चुकीचं होतं. त्यात तुम्ही सांगितलेला कागद नव्हता. त्यात तिचा नोकरीचा कागद होता, इंग्रजीतला. तुमचा कागद कंपनीकडे गेला.

मला वाटलं आता खुर्ची उचलतात.

"मंग त्यायनं वाचलं काय?" त्यांनी विचारलं. "त्याच्यात काय ल्याहलं हाय? मराठीत सांगा."

मी फाईल उघडली आणि एकेक ओळ वाचत मराठीत सांगत गेलो. दबावाखाली काम करायला तयार. कोणत्याही पाळीत, दिवसा किंवा रात्री, काम करायला तयार. कुठेही जायला तयार. पगाराची अपेक्षा, आपल्या नियमाप्रमाणे. छंद, बागकाम.

"बस?"

"बस."

"ट्रॅक्टर नाई त्याच्यात?"

"नाही."

"अर्जाचं? बियान्याच्या थैलीचं?"

"नाही, रामभाऊ."

"हे माह्या पोरीनं ल्याहलं?"

"नाही. मी लिहिलं. सगळ्यांना हेच लिहून देत होतो."

रामभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्यांनी वैशालीकडे बघितलं, आणि त्यांचा आवाज इतका खाली आला की मला पुढे वाकावं लागलं.

"अन् त्यायले हेच आवडलं?"

बाहेर झेरॉक्ससाठी दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांना मी हातानेच थांबवलं. रामभाऊंनी खिशातून फोन काढला, कारंज्याचा नंबर लावला आणि उभं राहून बोलले. पाहुन्यायनं मानलं, लय उपकार झाले. पन कागद चुकला व्हता. आमची पोरगी तशी नाई. तिकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाई नाई, खराब काईच नाई तिच्यात," रामभाऊ म्हणाले. "कोनत्याबी टायमाले राबाले तयार हाय असं जे ल्याहलं व्हतं, ते खोटं हाय म्हनतो मी." आणि त्यांनी फोन बंद केला.

वैशाली रडत होती. रामभाऊ तिला काही म्हणाले नाहीत, त्यांना तसलं बोलता येत नसावं. ते माझ्यावर ओरडले.

"पाहता काय मास्तर! लग्नाचा कागद खोला. माहावाला."

मी उघडला.

"खाली ते अपेक्षा म्हनून रकाना हाय. काय हाय त्याच्यात?"

"निर्व्यसनी, एकुलता एक, स्वतःचा धंदा असलेला. तुम्हीच सांगितलं होतं."

"मोडा ते."

मी खोडलं.

"आता तिले इचारा."

मी वैशालीकडे वळलो. तिने नाक पुसलं, पडद्यावरच्या त्या रिकाम्या चौकोनाकडे टक लावून बघितलं.

"ऱ्हाऊ द्या काका तसंच. पयले पुन्याले जाऊन पाहीन. मंग सांगीन."

मी सवयीने रामभाऊंकडे बघितलं.

"माह्याकडं काय पाहून राह्यले? ती सांगून राह्यली नं," ते म्हणाले. "सेव करा."

मी तो रकाना रिकामा ठेवला आणि सेव्ह केलं.